चिमूरच्या लढ्यात तुरुंगात गेलेले तुकडोजी महाराज बंगालच्या दुष्काळातही धावून गेले होते

युद्ध चालू असतं लांब कुठंतरी, मग इथली चूल का विझते? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदा नाही, दोनदा समोर आला.

अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावात ३० एप्रिल १९०९ ला त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. घरची गरिबी. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी त्यांनी चिमूर भागातल्या रामदिघी, गोंदेडाच्या जंगलात साधना केली. १९३५ ला मोझरीत गुरुकुंज आश्रम उभा राहिला.

मग आलं १९४२. महाराजांच्या खंजिरी भजनांनी गावं पेटून उठली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर शहीद झाला. चिडलेल्या लोकांनी अधिकाऱ्यांना ठार केलं. चिमूर तीन दिवस स्वतंत्र राहिलं. नंतर लष्कर आलं आणि गावावर, विशेषतः बायकांवर, भयंकर अत्याचार झाले. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं.

त्याच वर्षी जपाननं ब्रह्मदेश घेतला होता. तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी बंगालच्या किनारी भागातल्या नावा आणि तांदूळ काढून घेतला. त्यात ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ आलं. लष्करी खर्चानं भाव भडकले, साठेबाजी वाढली. बाजारात तांदूळ दिसत होता, पण मजुराला तो परवडत नव्हता. १९४३ च्या या दुष्काळात अंदाजे ३० लाख माणसं गेली. बंगालच्या भुकेल्यांसाठी महाराज मदतकार्यात उतरले.

१९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं, तेव्हा जवानांना धीर द्यायला महाराज सीमेवर गेले. त्याच काळात पाऊस रुसला होता आणि अमेरिकेनं गव्हाची मदत आखडती घेतली होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं.

म्हणजे पीक बुडालं म्हणूनच माणूस उपाशी मरतो असं नाही. युद्धात वाटा बंद होतात, भाव चढतात आणि पहिला मार गरिबाच्या ताटावर बसतो.

महाराजांची ४१ अध्यायांची ग्रामगीता आजही विदर्भात घरोघरी वाचली जाते. शेती, ग्रामोद्योग, आरोग्य, शिक्षण यात गावानं आपल्या पायावर उभं राहावं, हा तिचा गाभा आहे. हे लिहिणाऱ्या माणसानं चिमूरही पाहिलं होतं आणि बंगालची भूकही.

११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत महाराज गेले.