इंजिन नव्हते, टेकडी होती

विमानाचा शोध कोणी लावला असे विचारले तर फर्स्ट इयरचा पोरगाही झोपेतून उठून राइट बंधूंचे नाव सांगेल. ते चूक नाहीच. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनवाले विमान माणसाला घेऊन उडाले. पण जागेवर घट्ट बसवलेले पंख, पुढे ढकलण्याचे काम वेगळ्या यंत्राकडे आणि तोल सांभाळायला मागे शेपूट, ही आज जवळपास प्रत्येक विमानात दिसणारी मांडणी आली कुठून? ती राइट बंधूंच्याही शंभर वर्षे आधीची आहे. आणि तिची पहिली परीक्षा झाली ती इंग्लंडमधल्या एका टेकडीच्या उतारावर, पाच फुटी ग्लायडर हाताने सोडून!

हा उद्योग करणाऱ्याचे नाव सर जॉर्ज केली. नाव केली आणि कामेही भरपूर केली! पण वाचताना माणूस कोणता आणि क्रियापद कोणते असा घोळ नको, म्हणून आपण त्याला सरळ जॉर्ज म्हणू. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगरांवर रेडिओ कंट्रोलचे ग्लायडर उडवायचा बेत ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी तर या माणसाची ओळख करून घ्यायलाच हवी.

जॉर्जचा जन्म २७ डिसेंबर १७७३ रोजी यॉर्कशायरमधल्या स्कारबरो इथे झाला. घराणे जमीनदारांचे. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा बलून माणसांना घेऊन वर गेला तेव्हा हा जेमतेम दहा वर्षांचा होता. १७९२ मध्ये वडील वारले आणि अठराव्या वर्षी बॅरोनेटचा किताब व ब्रॉम्प्टन गावची इस्टेट याच्या गळ्यात पडली. डिग्री वगैरे काही नाही. शिक्षण झाले ते खासगी शिक्षकांकडे. त्यातले एक जॉर्ज वॉकर हे चांगले गणिती होते. १७९५ साली जॉर्जने त्यांच्याच मुलीशी, सॅराशी, लग्न केले.

पैसा होता, वेळ होता, नोकरचाकर होते. असा माणूस शिकार आणि मेजवान्या यांत आयुष्य घालवू शकला असता. पण याला नाद लागला उडण्याचा. १७९६ मध्ये त्याने बुचात पक्ष्यांची पिसे खोचून धनुष्याच्या ताणावर फिरणारे एक खेळणे बनवले, ते भिरभिरत वर जायचे. हेलिकॉप्टरचे बाळरूपच म्हणा ना!

त्या काळी उडण्याचा विचार करणारे बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडकलेले होते. पक्षी पंख फडफडवतो, मग आपणही फडफडवायचे. पक्ष्याचा पंख उचलण्याचे आणि पुढे ढकलण्याचे अशी दोन्ही कामे एकदम करतो, म्हणून त्याची नक्कल करायला गेलेला प्रत्येक जण हात-पाय मोडून घ्यायचा. जॉर्जने ही दोन कामे वेगळी केली. पंख स्थिर ठेवायचा, त्याने फक्त उचलायचे. पुढे ढकलायला दुसरे काहीतरी वापरायचे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण आपण लहानपणापासून विमाने बघतो. पण तेव्हा अशी वस्तू जगात कुठेच नव्हती.

१७९९ साली त्याने हा विचार एका छोट्या चांदीच्या चकतीवर कोरून ठेवला. एका बाजूला स्थिर पंखाचे आणि शेपटीचे यान, दुसऱ्या बाजूला तिरक्या पंखावर येणाऱ्या हवेच्या बळाचे दोन भाग, म्हणजे लिफ्ट आणि ड्रॅग. आपण मेकॅनिक्सच्या पेपरात बळाचे घटक पाडताना जे करतो तेच. ही चकती आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

नुसती आकृती काढून तो थांबला नाही. १८०४ मध्ये त्याने एका लांब फिरत्या दांड्याच्या टोकाला चौरस फुटाचा छोटा पंख बसवला. दांडा फिरायचा तो दोरीला बांधलेल्या वजनाच्या ओढीने. पंखाचा कोन बदलायचा, वेग मोजायचा, किती उचल मिळते ते लिहून ठेवायचे, आणि पुन्हा कोन बदलायचा. विंड टनेल नव्हता तर गड्याने हवा थांबवून पंखच फिरवला!

त्याच वर्षी आले ते ग्लायडर. साधारण पाच फूट लांब काठी, तिच्यावर पतंगासारखा एक पंख, किंचित वर कललेला. मागे अधिक चिन्हाच्या आकाराची शेपूट, तीही अशा सांध्यावर बसवलेली की वर-खाली आणि डावी-उजवीकडे हव्या त्या कोनात लावता यावी. पुढे सरकवता येणारे वजन. बस्स, एवढेच. टेकडीच्या माथ्यावरून हे ग्लायडर सोडले की ते न डगमगता उताराला धरून खाली तरंगत जायचे. शेपूट थोडी वळवली की वळायचे. वजन पुढे-मागे केले की नाक खाली-वर व्हायचे.

रेडिओ कंट्रोलचे ग्लायडर बनवणाऱ्यांनी हे वर्णन पुन्हा एकदा वाचावे. काठीच्या जागी कार्बनची नळी आली आणि कागद-कापडाच्या जागी फोम किंवा बाल्सा आला. शेपूट आता जमिनीवर असताना एकदाच लावून द्यावी लागत नाही, ती उडता उडता सर्व्हो हलवतो. पण सीजी कुठे ठेवायचा, शेपटीचा कोन किती, पंखांची टोके किती वर उचललेली हवीत, हे प्रश्न जसेच्या तसे आहेत. पंखांची टोके उचलल्याने ग्लायडर एका बाजूला कलले तरी आपोआप सावरते, त्याला आपण डायहेड्रल म्हणतो. तेही जॉर्जने ओळखले होते. पुढच्या प्रयोगांत त्याने ते वापरले आणि लिहूनही ठेवले.

१८०९ मध्ये एक गंमत झाली. व्हिएन्नामध्ये याकोब डेगेन नावाचा घड्याळजी पंख फडफडवून उडाला अशी बातमी आली. बातमीत एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे डेगेनला वर धरून ठेवायला एक बलून होता! जॉर्जला ते माहीत नव्हते. आपण मागे पडतो की काय असे वाटून त्याने इतक्या वर्षांच्या नोंदी बाहेर काढल्या आणि १८०९-१० मध्ये निकल्सनच्या मासिकात तीन भागांत लेख छापला. अर्धवट बातमीमुळे विमानविद्येचा पहिला खरा शास्त्रीय लेख जगाला मिळाला. लेखात सूत्र साधे होते. हवेच्या विरोधाला शक्ती लावायची आणि त्यातून एका पृष्ठभागाने ठरावीक वजन पेलायचे, बाकी सगळा तपशील.

पण त्या सूत्रातला शक्ती हा शब्दच त्याच्या नशिबी नव्हता. खरा पेच इथे होता. वाफेचे इंजिन होते, पण बॉयलर, पाणी आणि कोळसा यांच्यासह त्याचे वजन इतके की विमानाने इंजिन उचलायचे की माणूस, हाच प्रश्न. जॉर्जने गरम हवेवर चालणारे इंजिन करून पाहिले. बंदुकीच्या दारूच्या स्फोटावर चालणारेही पाहिले. वर्षानुवर्षे खटपट केली, पण हलके इंजिन काही हाती लागले नाही. निकोलाउस ऑटोचे चार स्ट्रोकचे इंजिन आले १८७६ साली. तोवर जॉर्जला जाऊन १९ वर्षे झाली होती.

आपल्यापैकी कुणी काय केले असते? पार्ट मिळत नाही म्हणून प्रोजेक्ट बदलला असता, नाहीतर गाइडला सांगून डेट वाढवून घेतली असती. जॉर्जने हिशेब वेगळा मांडला. इंजिन येईल तेव्हा येईल, पण ते आल्यावर बसवायचे कशात? ते यान तर तयार पाहिजे. आणि यानाची परीक्षा घ्यायला इंजिनच लागते असे थोडेच आहे? उंचावरून सोडले की पुढे ओढायचे काम गुरुत्वाकर्षण करते. टेकडी हेच त्याचे इंजिन झाले, फुकटचे आणि कधी न बिघडणारे.

मधल्या काळात हा माणूस रिकामा बसला नव्हता. विमानाची चाके हलकी हवीत म्हणून १८०८ मध्ये त्याने ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मांडली. सायकलचे स्पोक आठवा. १८२५ मध्ये साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले, आजचा बुलडोझर त्याच तत्त्वावर चालतो. एका कुळाच्या मुलाचा हात गेला तेव्हा त्याच्यासाठी कृत्रिम हात तयार केला. १८३२ मध्ये स्कारबरोचा खासदार झाला. १८३८ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन सुरू झाले, त्यातही तो पुढाकाराने होता. म्हणजे डिप्लोमावाल्या मित्रांनो, तुमच्याशीही त्याचे लांबचे नाते लागते!

लोक हसायचे, हे त्याला माहीत होते. उडण्याच्या गोष्टी करणारा सरदार म्हणजे थट्टेचाच विषय. तरी वय सत्तरीच्या पुढे गेल्यावर तो परत टेकडीकडे वळला. १८४९ मध्ये त्याने एकावर एक तीन पंख असलेले मोठे ग्लायडर बनवले आणि त्यात दहा वर्षांच्या एका मुलाला बसवले. उतारावरून येताना ते मुलासह काही यार्ड जमिनीवरून उचलले गेले. १८५२ मध्ये त्याने माणूस नेणाऱ्या, सुकाणू असलेल्या ग्लायडरचा आराखडा छापला. आणि १८५३ मध्ये ब्रॉम्प्टनच्या दरीत त्याच्या कोचमनला ग्लायडरमध्ये बसवून सोडण्यात आले. त्याच्या नातीने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे ते दरी ओलांडून पलीकडे आदळले आणि कोचमनने बाहेर येताच नोकरी सोडली. घोडागाडी हाकायला ठेवलेल्या माणसाला हवेत पाठवल्यावर तो दुसरे काय करणार!

१५ डिसेंबर १८५७ रोजी जॉर्ज वारला. वयाला ८४ पूर्ण व्हायला बारा दिवस कमी होते. आपल्या हयातीत इंजिनवाले विमान बघायला मिळणार नाही हे त्याला कळून चुकले होते, तरी वह्या नीट लिहून ठेवल्या होत्या. पुढे जर्मनीत ओटो लिलिएनथालने १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरूनच सुमारे दोन हजार उड्डाणे केली आणि त्यातच जीव गमावला. मग आले राइट बंधू, तेही आधी ग्लायडरवर हात बसवून. विमानविद्या पुढे नेणाऱ्यांत जॉर्जचे स्थान फार वरचे आहे, हे विल्बर राइटने १९०९ मध्ये मोकळेपणाने मान्य केले. १९७३ मध्ये जॉर्जच्या १८५२ च्या आराखड्यावरून ग्लायडरची प्रतिकृती बांधली गेली आणि डेरेक पिगॉट या वैमानिकाने ती ब्रॉम्प्टनच्याच दरीत उडवून दाखवली. म्हणजे आराखडा बरोबर होता.

आता आपल्या भागाकडे वळू. अंबरनाथहून बदलापूरला लोकलने जाताना पश्चिमेकडे मलंगगड, तावली, चंदेरी अशी रांग दिसते. जॉर्जच्या वेळचे ग्लायडर टेकडीवरून खालीच यायचे. आजचे रेडिओचे ग्लायडर उतारावर तासभरही राहू शकते, ते कसे? वारा डोंगराच्या अंगावर आला की त्याला वर चढावे लागते. समजा तुमचे मॉडेल सेकंदाला ८ मीटर पुढे जाताना ०.८ मीटर खाली येते, आणि उतारावरची हवा सेकंदाला १ मीटर वर चढते आहे. मग मॉडेल खाली न येता उलट २० सेंटीमीटर वर जाईल. बॅटरी खर्च होते ती फक्त रिसीव्हर आणि सर्व्होवर.

मात्र एक लक्षात ठेवा. वर चढणारी हवा वाऱ्याकडे तोंड केलेल्या उतारावरच मिळते. दुपारी समुद्राकडून वारा येतो तेव्हा या रांगेची बदलापूरकडची बाजू आडोशाला जाते. तिथे हवा खाली उतरते, भोवरे होतात आणि मॉडेल झाडीत जाते. त्या बाजूला थंडीतल्या सकाळचा पूर्वेकडचा वारा धरावा. उताराखाली वस्ती, रस्ता किंवा विजेच्या तारा नकोत. आणि जागा कोणत्या झोनमध्ये येते ते २०२१ च्या ड्रोन नियमांच्या नकाशावर आधी तपासावे, कारण मुंबई आणि नवी मुंबईचे विमानतळ इथून काही फार लांब नाहीत.

सामानाचे म्हणाल तर फोमचे शीट, टेप, बांबूच्या काड्या आणि नाकात भरायला थोडे वजन एवढ्यावर पहिले मॉडेल होते. उल्हासनगरच्या बाजारात यातले बहुतेक मिळून जाते. रेडिओचा सेट परवडेपर्यंत थांबू नका. आधी बिनारेडिओचे ग्लायडर करा, मैदानातल्या उंचवट्यावरून हाताने सोडा, वजन सरकवा, शेपूट वाकवा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा. १८०४ मध्ये जॉर्जने तेच केले होते. सेट पुढच्या सेमला घेता येईल.