मूठभर तांदळाच्या शाळेतला मुलगा

मद्रास इलाख्याच्या दक्षिण भागातील विरुदुपट्टी, म्हणजे आजचे विरुदुनगर, हे व्यापाऱ्यांचे गाव. तेथील नाडार समाजाला त्या काळी अनेक मंदिरांचे दरवाजे बंद होते. या समाजाने आपल्या मुलांसाठी क्षत्रिय विद्याशाळा उभी केली ती कोणा राजाच्या देणगीवर नव्हे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना प्रत्येक घरातील गृहिणीने एक मूठ बाजूला ठेवायची, आणि त्या साठलेल्या तांदळावर शाळा चालवायची, अशी ती रीत होती. तमिळमध्ये तिला ‘पिडि अरिसि’ म्हणतात. पिडि म्हणजे मूठ आणि अरिसि म्हणजे तांदूळ.

या शाळेत शिकलेल्या कामराजांचा जन्म 15 जुलै 1903 रोजी झाला. वडील कुमारस्वामी नाडार व्यापारी होते आणि आईचे नाव शिवकामी अम्माळ. मूल अवघे सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि घराची घडी विस्कटली. बालपणीची एक आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. शाळेत गणेशचतुर्थीसाठी सर्व मुलांकडून सारखीच वर्गणी घेतली गेली. पण प्रसाद वाटताना जी मुले धक्काबुक्की करून पुढे गेली त्यांच्या ओंजळी भरल्या, आणि रांगेत स्वस्थ उभ्या राहिलेल्या कामराजांच्या हाती थोडेसेच आले. घरी विचारणा झाली, तेव्हा त्या मुलाने दोष स्वतःच्या संकोचाला दिला नाही, वाटणाऱ्यांना दिला. आठवण घडली तशीच सांगितली गेली असेल वा नसेल. पुढच्या कामराजांना ती शोभते, हे मात्र खरे.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, जेमतेम सहावीपर्यंत पोहोचून, त्यांची शाळा सुटली आणि ते मामांच्या कापडदुकानात बसू लागले. दुकानात मन रमले नाही. स्वातंत्र्यलढ्याने त्यांना ओढून नेले. 1930 च्या वेदारण्यम् येथील मीठ सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला, आणि पुढे निरनिराळ्या वेळी मिळून आयुष्याची सुमारे आठ वर्षे तुरुंगात गेली. 1941 मध्ये तुरुंगात असतानाच ते विरुदुनगरच्या नगरपालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. सुटून आल्यावर त्यांनी ते पद सोडून दिले.

1954 च्या एप्रिल महिन्यात हा शाळा सुटलेला माणूस मद्रास राज्याचा मुख्यमंत्री झाला. आधीच्या राजवटीत मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ बापाच्या धंद्यात घालवावा अशी योजना आली होती. ज्याच्या घरी चाक फिरते त्याने चाकच फिरवीत राहावे, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला आणि विरोधाचा डोंब उसळला. कामराजांनी ती योजना रद्द केली. बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडल्या आणि गावोगावी नव्या निघू लागल्या. तरीही कित्येक ठिकाणी मुले येईनात.

ती का येत नाहीत, याविषयी तमिळनाडूत घरोघरी ठाऊक असलेली एक कथा आहे. दौऱ्यावर असताना रस्त्यात गुरे राखणारा एक मुलगा मुख्यमंत्र्यांना दिसला. शाळेत का जात नाहीस, असे त्यांनी विचारले. शाळेत गेलो तर दुपारी खायला तुम्ही घालणार का, असा प्रश्न त्यानेच उलट केला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण मुलाचा हिशोब चुकीचा नव्हता. ज्या घरात राखोळीचे चार पैसे आले तरच चूल पेटते, तेथे फुकट शिक्षणसुद्धा महागच पडते.

शाळेत जेवण देण्याची कल्पना मद्रासला अगदी नवी नव्हती. 1920 मध्ये, पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे प्रमुख असताना, थाउजंड लाइट्स भागातील महापालिका शाळेत तसा प्रयोग झाला होता. पण एका शहरातील मोजक्या शाळा निराळ्या आणि संपूर्ण राज्य निराळे. एवढा पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. कामराजांनी विरुदुनगरचीच वाट धरली. शिक्षण संचालक नॆ. दु. सुंदरवडिवेलु यांच्यासारखा कल्पक अधिकारी त्यांना लाभला. प्रथम गावकऱ्यांनाच धान्य, भाजी, सरपण देण्याचे आवाहन करण्यात आले. महाकवी सुब्रह्मण्य भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरम् येथे, 1956 मध्ये या उपक्रमाचा आरंभ झाला. इतर सर्व कामे बाजूला ठेवून गावोगाव भीक मागावी लागली तरी आपण ती मागू, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात.

लोकांनी दिले, आणि मनापासून दिले. तथापि केवळ दानावर चालणाऱ्या कामाची मर्यादाही लवकरच उघड झाली. सुगीत कोठार भरावे आणि उन्हाळ्यात रिकामे व्हावे. संपन्न गावात पंगत बसावी आणि जेथे भूक अधिक तेथेच पातेले रिकामे राहावे. म्हणून 1957 पासून सरकारने खर्चाचा वाटा उचलला आणि उरलेला भार स्थानिक लोकांवर ठेवला. 1961 पासून ‘केअर’ या परदेशी संस्थेकडून दूधभुकटी, तेल इत्यादी साहाय्य मिळू लागले. योजना सर्व मुलांपर्यंत पोहोचली नाही, आणि पोट भरणे व पोषण होणे यांतील अंतरही त्या भात-सांबाराने पूर्णपणे मिटले नाही. पण दुपारच्या घंटेनंतर गरिबाचे मूल घरी पळत नसे, आणि निरनिराळ्या जातींची मुले एकाच ओळीत बसून जेवत. त्या काळच्या खेड्यात ही दुसरी गोष्ट पहिलीहून लहान नव्हती. पाठोपाठ मोफत गणवेशही आले. कारण फाटक्या कपड्यांची लाज हीदेखील भुकेसारखीच मुलाला शाळेपासून दूर ठेवते.

2 ऑक्टोबर 1963 रोजी त्यांनी पक्षकार्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडले. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून दोन पंतप्रधानांच्या निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. 1967 मध्ये मात्र त्यांच्याच विरुदुनगरने एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून त्यांचा पराभव करविला.

जेवणाची योजना त्यांच्यानंतरही टिकली. 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला पौष्टिक आहाराच्या मोठ्या कार्यक्रमाचे रूप दिले. 1995 मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी योजना आखली. पण बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडत राहिले. अखेर 2001 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, मद्रासमधील भाड्याच्या घरात कामराजांचे निधन झाले. त्यांनी विवाह केला नव्हता. मागे राहिले ते काही सदरे, धोतरे, पुस्तके आणि शे-सव्वाशे रुपये. तमिळनाडूतील शाळांमध्ये त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो.