रमाबाई रानडे : दोन मर्जींमधील वाट
रमाबाईंचा (१८६२–१९२४) जन्म देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर पतीनेच त्यांना अक्षरओळख करून दिली. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. पतीच्या इच्छेनुसार त्या सभांना जाऊ लागल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र हे रुचले नाही. सभेस जावे तर घरचा रोष, न जावे तर पतीची नाराजी, असा हा पेच होता. उलट उत्तर न देता त्यांनी बोलणी सोसली, पण वाट सोडली नाही. १९०१ मध्ये वैधव्य आले. तरी १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. पतीच्या इच्छेने टाकलेले पाऊल आता सर्वस्वी त्यांचे झाले होते. त्यांच्या आठवणी (१९१०) वाचताना अभ्यासकाने हा प्रवास ध्यानात घ्यावा.