शरीराचं शास्त्र शिकलेल्या रखमाबाई

देवनारला आमच्या वस्तीत संध्याकाळी मी मुलींचा अभ्यासवर्ग घेते. परवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. हृदय, रक्त, पाळी, गर्भाशय, सगळ्याच्या आकृत्या त्यात होत्या. पाठोपाठ तिची आई आली. चांगलं स्थळ आलंय, असलं उघडंवाघडं शिकून काय करायचं, ताई तुम्हीच हिला समजवा, असं तिचं म्हणणं.

मी काय समजावणार? मी आर्ट्सवाली. आमच्या शाळेत तो धडा घरी वाचा म्हणून बाईंनी पान उलटलं होतं. मग मी तिला डॉक्टर रखमाबाईंची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

रखमाबाई मुंबईच्या, जन्म १८६४ चा. लहानपणीच वडील गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ही मंडळी सुतार समाजातली, त्यांच्यात त्याला मुभा होती. सावत्र वडील डॉक्टर असूनही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. पण त्या सासरी न जाता माहेरीच राहिल्या आणि वाचत राहिल्या. पुढे नवऱ्याने नांदायला बोलावलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला.

१८८४ मध्ये दादाजी हायकोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. या बाईने तुरुंगाची तयारी दाखवली! खुद्द लोकमान्य टिळकांसारखे मोठे लोक विरोधात होते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. तीन वर्षांनी संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्याने उठलेली चर्चाही होती.

दुसरी कुणी असती तर सुटले बाई एकदाची, म्हणून घरी बसली असती. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं, खर्चासाठी निधी जमला. बायकांना डॉक्टरी शिकवायला लंडनमध्ये १८७४ पासून वेगळी शाळा होती, तिथे त्यांनी प्रवेश घेतला. तिथे आधी शरीराची रचना आणि त्याचं काम शिकायचं, मग रॉयल फ्री हॉस्पिटलात रुग्णांजवळ जायचं. बरोबरच आहे ना? श्वास, रक्त, पचन नीट कसं चालतं हे कळल्याशिवाय बिघाड कसा ओळखणार? त्यातून आपल्याकडच्या बायका परपुरुषाला दुखणं दाखवायलाही लाजायच्या. त्यांच्यासाठी शरीर जाणणारी बाईच हवी होती.

१८९४ मध्ये परीक्षा पास होऊन त्या परतल्या. आधी सुरत, मग राजकोट. १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्यांनी बायकांच्या इस्पितळांत काम केलं. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्याच्याशी कधी नांदल्या नाहीत त्याच्यासाठी त्यांनी विधवेचा वेष घेतला. हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. १९५५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्या गेल्या.

मला वाटतं, आपल्या शरीरावर हक्क कुणाचा, हे रखमाबाईंनी आधी कोर्टात विचारलं. मग तेच शरीर त्या शिकल्या, हजारो बायांच्या कामी यावं म्हणून.

ती आई सगळं गुपचूप ऐकत होती. उठताना तिने लेकीला एवढंच विचारलं, जिना चढताना मला धाप का लागते, हे तुझ्या पुस्तकात आहे का? लेकीने रक्ताचं पान उघडलं, आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि उद्याच दवाखान्यात रक्त तपासायला चल म्हणाली.

दोघी गेल्यासुद्धा. स्थळाला काय कळवायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. मी रोज विचारतेय.