तीन गोळ्यांमागचा माणूस : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभे राहण्यात आमची बरीच वर्षे गेली. गोळीच्या पाकिटावर कंपनीचे नाव असते, किंमत असते, मुदत असते. ती गोळी कोणी शोधली, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. गरोदर बायकांना दिली जाणारी फॉलिक अ‍ॅसिडची छोटी पिवळी गोळी, हत्तीपायाच्या मोहिमेत घरोघर वाटली जाणारी डी.ई.सी. आणि सांधेवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगतो ती मेथोट्रेक्सेट, या तिन्ही गोळ्यांचा माग काढत गेलो, की आपण एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत पोहोचतो. ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. नावातला 'राव' पाहून कोणाला ते आपल्यातलेच वाटतील, पण ते आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे. पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते परके वाटण्याचे कारण नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

सुब्बारावांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी भीमावरम येथे झाला. त्या वेळी हा भाग मद्रास इलाख्यात होता. अभ्यासात लक्ष कमीच. तेरा वर्षांचे असताना काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा कमवायचा, असा बेत करून ते घरातून पळाले. घरच्यांनी वाटेतूनच परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस ते मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून उत्तीर्ण झाले. पुढे रामकृष्ण मठात संन्यास घेण्याची ओढ लागली, पण आई वेंकम्मा यांनी परवानगी दिली नाही. सेवाच करायची तर वैद्यकीतूनही करता येईल, या विचाराने 1915 साली त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले.

ते दिवस स्वदेशीचे होते. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा अंगरखा घालून गेले आणि इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गमावून बसले. परिणाम असा झाला, की पूर्ण एम.बी.बी.एस. पदवीऐवजी एल.एम.एस. हे दुय्यम प्रमाणपत्र हाती पडले. सरकारी वैद्यकीय नोकरीचे दार त्यामुळे बंद झाले आणि ते मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले. त्याच सुमारास घरावर मोठा घाला पडला. संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. आपल्या डॉक्टरी विद्येत या रोगावर औषध नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले.

सासऱ्यांची मदत आणि एका धर्मादाय संस्थेचे साहाय्य घेऊन ते ऑक्टोबर 1922 मध्ये बोस्टनला पोहोचले. लग्नाला तीनच वर्षे झाली होती. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. मुलगा झाला तो ते गेल्यावर, आणि तान्हेपणीच वारला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. काही वर्षांत परत येतो असे सांगून गेलेले सुब्बाराव कधीच परतले नाहीत. शेषगिरींनी काय सोसले असेल, त्याची नोंद कोणत्याही शोधनिबंधात नाही. मोठ्या माणसाची चरित्रे सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

हार्वर्डमध्ये शिकताना पोटासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीचा हमाल म्हणून काम केले. पुढे सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत ते जीवरसायनाच्या कामाला लागले. रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची जी रीत त्या दोघांनी 1925 साली प्रसिद्ध केली, ती फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभर वापरली गेली. स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन त्यांना याच रीतीमुळे सापडले. पाठोपाठ 1929 साली ए.टी.पी.चा शोध लागला. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही स्वतंत्रपणे तो रेणू सापडला होता. आपण हात उचलतो, श्वास घेतो, ती सारी शक्ती या रेणूतून खर्च होते. एवढे काम करूनही सुब्बारावांना हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. 1940 साली ते न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

आता पहिल्या गोळीची गोष्ट. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई 1928 च्या सुमारास मुंबईला आल्या होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी तिथे दाखवून दिले. त्या अर्कात कोणते द्रव्य काम करते, ते मात्र कळले नव्हते. ते द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. यकृतात ते इतके थोडे असते, की ढीगभर यकृतातून चिमूटभर मिळावे. सुब्बारावांच्या चमूने त्याची रचना उलगडली आणि 1945 साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. कारखान्यात बनू लागले तेव्हा ते गरिबाच्या आवाक्यात आले. संग्रहणीच्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो, असे लवकरच दिसून आले. भावांना वाचवणारे औषध हाती आले खरे, पण पाव शतक उशिराने.

दुसरी गोळी याच रेणूतून निघाली. पेशीला दोन होण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागते. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना असे दिसले, की फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर हा रोग उलट भडकतो. मग त्याला अडवणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या रसायनज्ञांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या रेणूतील ऑक्सिजनचा एक गट काढून तिथे नायट्रोजनचा अमिनो गट बसवला. नाण्यासारखे दिसणारे खोटे नाणेच म्हणा ना. पेशीतील विकर त्याला खरे समजून पकडते आणि मग सोडत नाही. खऱ्याचे काम अडते, पेशीची वाढ थांबते. हे औषध म्हणजे अमिनोप्टेरिन. फार्बर यांनी ते 16 मुलांना दिले आणि 10 मुलांमध्ये सुधारणा झाल्याचे जून 1948 मध्ये प्रसिद्ध केले. ती सुधारणा काही महिनेच टिकली. पण ज्या रोगात आईबापांना फक्त वाट पाहणे उरत होते, तिथे औषध प्रथमच लागू पडले. त्याच रेणूत आणखी थोडा बदल करून झालेली, अधिक सोसवणारी भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

तिसरी गोळी डी.ई.सी. हत्तीपायाच्या जंतांवर पोटातून घेता येईल असे चांगले औषध तेव्हा नव्हते. लेडर्लेत एकामागून एक संयुगे बनवून ती जंत झालेल्या उंदरांवर तपासली गेली आणि 1947 साली हे औषध पुढे आले. आजही मोहिमेत आपण तेच गिळतो. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही सुब्बारावांच्याच देखरेखीखाली बेंजामिन डगर यांनी शोधले व 1948 साली ते जगापुढे आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झोपेतच हृदयक्रिया बंद पडून सुब्बाराव गेले. वय अवघे 53. नोबेल मिळाले नाही, भारतात नावही फारसे झाले नाही. 1995 साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

सांधेवाताच्या रुग्णाला आम्ही मेथोट्रेक्सेट देताना बजावून सांगतो, की ही रोज घ्यायची नाही, आठवड्यातून एकच दिवस. रोज घेतली तर तोंड येते, रक्त कमी होते, जिवावरही बेतते. आणि औषधचिठ्ठीवर बहुधा दुसऱ्या एका दिवशी फॉलिक अ‍ॅसिड लिहिलेले असते, या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून. अडवणारीही त्यांची आणि सावरणारीही त्यांचीच. दोन्ही पाकिटे एका पिशवीत घालून खिडकीबाहेर देताना आम्ही मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो. विद्येच्या देवतेच्या या उत्सवात तोच नमस्कार आज आपणा सर्वांसोबत.

गणपती बाप्पा मोरया!