भाऊ दाजींचे गुपित

भायखळ्याला राणीच्या बागेत गेलेल्यांनी तिथल्या वस्तुसंग्रहालयाची देखणी इमारत पाहिलेली असते. १९७५ पासून तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्यामुळे भाऊ दाजी म्हणजे कोणी संग्राहक किंवा इतिहाससंशोधक, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचाही नाही. पण नावामागचे ‘डॉ.’ शोभेचे नव्हते. ते मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते आणि त्वचेच्या रोगांत त्यांनी मनापासून लक्ष घातले होते.

त्यांचा जन्म १८२२ मध्ये गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावचा. घरची गरिबी. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. कुटुंब मुंबईला आले. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले आणि तिथेच शिक्षकाची नोकरीही मिळाली. काठेवाड आणि कच्छमधल्या बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथून १८५१ मध्ये पदवी घेऊन जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते.

पुढच्या तेवीस वर्षांत या माणसाने किती कामे केली हे मोजताना दम लागतो. बाँबे असोसिएशन, मुलींच्या शाळा, मुंबई विद्यापीठाची फेलोशिप, अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ, दोन वेळा मुंबईचे शेरीफपद. हे सगळे दवाखाना सांभाळून. भाऊ नारायण हेही डॉक्टर होते. दोघे मिळून गरिबांना मोफत औषध देत. कॉलेजात शिकलेले विलायती वैद्यक पुरेसे आहे असे मानून भाऊ दाजी थांबले नाहीत. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचायचे, त्यांत वर्णन केलेली औषधे मिळवायची आणि ती खरोखर गुण देतात का ते रुग्णांवर पाहायचे, असा त्यांचा परिपाठ होता. त्यातून ते कुष्ठरोगाकडे वळले.

तेव्हाची अडचण आजच्या वाचकाला चटकन लक्षात येणार नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत कुष्ठ हा शब्द एका रोगासाठी नाही. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा मोजली आहेत. त्यांतल्या काहींची वर्णने आपण ज्याला सोरायसिस म्हणतो त्याच्याशी जुळतात. युरोपातही वेगळे चित्र नव्हते. सोरायसिसचे नेमके वर्णन करणाऱ्या लंडनच्या रॉबर्ट विलन यांनीही त्याच्या एका प्रकाराला लेप्रा हेच नाव ठेवले होते. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही रोग वेगळे केले, तेव्हा भाऊ दाजी ऐन तारुण्यात होते. त्याआधी शतकानुशतके सोरायसिसचे किती रुग्ण महारोगी ठरून घराबाहेर काढले गेले असतील, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

ती भीती अजून गेलेली नाही. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या बाह्यरुग्ण विभागात डोक्यावर पांढुरके खवले घेऊन येणारा माणूस, मराठी असो की सिंधी, आधी कोंडा म्हणून सांगतो आणि बायको बाहेर गेली की हळूच विचारतो, हा कोड किंवा महारोग तर नाही ना? त्याला सांगण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत रमतात. कानाची पाळी, नाक, हातपाय. केसांखालची टाळू उबदार असते, तिथे ते सहसा जात नाहीत. शिवाय कुष्ठरोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, सोरायसिसच्या चट्ट्याला चांगला कळतो, खाजही सुटते. आणि सोरायसिस संसर्गजन्य नाही. त्याच्यामुळे कंगवा वेगळा ठेवायला नको, न्हाव्याने खुर्ची नाकारायलाही नको.

भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर जे औषध वापरले, ते आपल्याच मातीतले होते. कडू कवठ. गोव्याकडे आणि तळकोकणात त्याला खष्ट म्हणतात. या झाडाच्या बियांचे तेल त्यांनी रुग्णांना दिले. गुण येतो अशी ख्याती झाली आणि रुग्ण येऊ लागले. पण औषध काय आहे हे भाऊ दाजींनी जाहीर केले नाही. वैद्यकीय वर्तुळात त्यावरून नाराजी होती. त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर कुष्ठरोगाचाच अभ्यास करत होते. ग्रे यांच्या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे ते हेच. ते जे पाहत ते छापत. कलकत्त्यात डॉ. मौअट यांनी कडू कवठाच्या जातभाईचे, म्हणजे चौलमुग्र्याचे तेल १८५४ मध्येच वैद्यकीय जगासमोर मांडले होते.

भाऊ दाजींनी गुप्तता का पाळली? पैशासाठी नसावी. धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या माणसाला तो आरोप चिकटत नाही. पूर्ण खात्री होईपर्यंत बोलायचे नाही, असे त्यांनी ठरवले असेल. घाईने छापणाऱ्यांपेक्षा ते बरेच, असे मलाही वाटते. पण नाव आणि मात्रा कळल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला ते औषध तपासता येत नाही. ज्यांना गुण आला नाही, त्यांचे काय झाले हेही कळत नाही. शिलालेखाचे अक्षर न् अक्षर छापणाऱ्या विद्वानाने औषधाबाबत मौन पाळले, हे मला आजही खटकते.

खटकण्याचे कारण माझ्या टेबलावर येते. अंबरनाथ, बदलापूर, कुठूनही आलेल्या सोरायसिसच्या रुग्णाच्या पिशवीत बिनलेबलाची डबी किंवा पुडी निघते. आधी आठवड्यात डोके स्वच्छ झालेले असते. अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टिरॉईड घातलेले असल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. पोटातून घेतलेले स्टिरॉईड अचानक बंद झाले की सोरायसिस दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर लाल होऊन रुग्णाला भरती करावे लागते. पुडीत काय होते हे ठाऊक नसल्याने उपचार करणाऱ्यालाही अंधारात चाचपडावे लागते.

खरे तर टाळूचा सोरायसिस आटोक्यात ठेवण्यात लपवण्यासारखे काही नाही. आधी खवले मऊ करायचे. सॅलिसिलिक ॲसिडचे मलम किंवा रात्री साधे खोबरेल चालते. खवले नखाने किंवा बारीक फणीने ओरबाडू नयेत, त्वचेला इजा झाली की तिथेच नवा चट्टा उठतो. कोल टार शाम्पू लावून काही मिनिटे ठेवावा आणि मग धुवावा. स्टिरॉईडचे लोशन उपयोगीच आहे, पण डॉक्टरांनी सांगितलेले दिवसच. त्याला व्हिटॅमिन डी गटातल्या औषधाची जोड देता येते. केस काढायची गरज नसते आणि गळलेले केस बहुधा परत येतात. सांधे दुखत असतील, सकाळी बोटे आखडत असतील किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर ते न विचारताही सांगावे. मेथोट्रेक्सेटची गोळी लिहून दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जीवावर बेतते, म्हणून मी वाराचे नाव कागदावर लिहून देतो. रोग मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षे शांत राहू शकतो.

मुंबईच्या बाजारात भाऊ दाजींच्या काळी आणखी एक गुपित विकले जात होते. गोवा पावडर. गजकर्णावर हमखास म्हणून तिची ख्याती होती, पण ती कशाची हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. ती ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली भुकटी, पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात येणारी, हे १८७० च्या दशकात उघड झाले. त्याच सुमारास लंडनचे डॉ. बाल्मॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर गुणकारी दिसली आणि त्यांनी ते छापले. मग रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातला गुणकारी भाग वेगळा केला. १९१६ मध्ये जर्मनीत त्याच्यासारखे कृत्रिम औषध तयार झाले, तेच डिथ्रॅनॉल. कपड्यांवर आणि उशीवर तपकिरी-जांभळे डाग पाडणारे हे औषध सोरायसिसवर आजही वापरले जाते.

भाऊ दाजी मे १८७४ मध्ये गेले, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी. त्याच्या वर्षभर आधी नॉर्वेत हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. भाऊ दाजींचे औषध म्हणजे कडू कवठाचे तेल, हे नंतर सर्वांना कळले. १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत याच जातीच्या झाडांचे तेल जगभर कुष्ठरुग्णांना टोचले जात होते. इंजेक्शन दुखायचे आणि गुण बेताचाच यायचा. आता बहुऔषधी उपचार आहे. त्याची पाकिटे सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात आणि प्रत्येकावर औषधाचे नाव आणि मात्रा छापलेली असते.