एकवीस सेंटिमीटरची खूण

एप्रिल १९४४. नेदरलँड्स जर्मन फौजांच्या ताब्यात होते. त्या काळात लायडेनच्या वेधशाळेत भरलेल्या एका बैठकीत २५ वर्षांच्या हेंड्रिक व्हॅन डे हुल्स्ट यांनी एक हिशेब मांडला. उट्रेख्तच्या या विद्यार्थ्याला ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी प्रश्न घातला होता : अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींत ठरावीक लांबीची एखादी लहर सापडेल का?

हुल्स्ट यांनी हायड्रोजनकडे बोट दाखवले. त्याच्या अणूतले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखे फिरतात, असे समजू. इलेक्ट्रॉनच्या भोवऱ्याची दिशा उलटली की २१ सेंटिमीटर लांबीची लहर निघते. मात्र एका अणूत हे घडायला सरासरी १ कोटीहून अधिक वर्षे लागतात! सारी भिस्त अवकाशातल्या अगणित अणूंवर. ही लहर पृथ्वीवर टिपता येईल, याची खुद्द हुल्स्ट यांनाही खात्री नव्हती.

युद्धानंतर जर्मनांनी मागे टाकलेली रडारची साडेसात मीटरची तबकडी डचांनी कोटवाइकला कामाला लावली. १९५० मध्ये तिथला ग्राहक आगीत जळाला. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांनी लहर पकडली, तेव्हा हुल्स्ट तिथेच पाहुणे होते. पर्सेल यांनी निष्कर्ष छापायची घाई केली नाही, उलट डचांना आपली पद्धत सांगितली. मे महिन्यात कोटवाइकलाही लहर मिळाली आणि दोन्ही लेख ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. विज्ञानात असा दिलदारपणा रोज दिसत नाही.

या लहरीचा खरा उपयोग झाला तो बटुदीर्घिकांना. त्यांत तारे थोडे, त्यामुळे प्रकाश अंधूक. वायू मात्र अनेकदा भरपूर. १९५३ मध्ये सिडनीच्या शास्त्रज्ञांना आपल्या शेजारच्या मॅगेलन मेघांत हा हायड्रोजन सापडला. आपल्या आकाशगंगेबाहेरचा तो पहिलाच. पुढे हुल्स्ट यांनी सहकाऱ्यांसह डविंगेलोच्या २५ मीटरच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेतला वायू किती वेगाने फिरतो, ते मोजले. अवकाश संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, ‘कोस्पार’चे, ते पहिले अध्यक्ष. जुलै २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीने याच लहरीवर एनजीसी ३७४१ ही बटुदीर्घिका पाहिली. तिचा वायू ताऱ्यांच्या दृश्य तबकडीच्या सुमारे आठपट दूरवर पसरलेला निघाला.